दिवसा सांगितलेल्या गोष्टी

रिठद, वऱ्हाड
१८ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप नानाभाऊ यांस सोजरचा शिरसाष्टांग नमस्कार.

वर तीर्थस्वरूप लिहिलं खरं, पण लिहिताना हसू आलं. मला आंब्यावर चढवून खालची शिडी पळवणारा तू, तुझं कसलं आलंय तीर्थस्वरूप! पण पत्राची रीत अशीच असते असं इथले गुरुजी सांगतात. सव्वीस वर्षांनी भावाला पहिलं पत्र लिहायचं, तर रीत तरी सांभाळावी म्हटलं.

बापू गेले. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी, बसल्या जागी. तेरावं झाल्यावर मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. जहाजावरून आणलेली, तीच. तळाशी तुझं पाकीट होतं, १९१९ सालचं. फोडलेलं, वाचलेलं आणि पुन्हा नीट घडी घातलेलं. त्या पेटीवर बसून मी माझ्या लेकीच्या, पंचफुलेच्या वेण्या घातल्या, आणि तुझं पत्र खाली होतं.

पत्रात तू तीनच ओळी लिहिल्यास. आम्ही दोघं बरे आहोत. दोन महिन्यांत बोलावतो म्हणून गेलात, त्याला आठ वर्षं झाली. आई विचारते, सोजरला गोष्टी आठवतात का.

आठवतात, भाऊ. आईचा चेहरा पुसट झाला, तिची भाषा तर तोंडातून पार गेली. पण गोष्टी आहेत. निघायच्या सकाळी तू उसात लपून बसलास आणि आईपाशी राहिलास. मी बापूंचं बोट धरून निघाले. आई धक्क्यावर उभी होती. मी वळून पाहिलं नाही, मी जहाजाचं धुराडं बघत होते. दहा वर्षांच्या पोरीला धुराड्याचं केवढं अप्रूप! आता झोपेत वळून पाहते, तर धक्का रिकामा असतो.

इथे कुणाला काहीच माहीत नाही. बापूंनी गावाला सांगितलं, इतकी वर्षं कलकत्त्याच्या गिरणीत होतो, बायको नागपूरकडची कुणब्याची होती, पटकीने गेली. उसाच्या मळ्यात राबायला समुद्र ओलांडला म्हटलं असतं तर जातीने पंगतीतून उठवलं असतं. बायको बेटावरच्या काळ्या लोकांतली, त्रिनिदादची, आणि जिवंत, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. मला बजावलं होतं, बेटाचं नाव काढलंस तर तुझं लग्न व्हायचं नाही. म्हणून मी नाव काढलं नाही आणि माझं लग्न झालं. गावातच झालं. मारोतराव नाव त्यांचं. कागदावर घेते, तोंडाने घेत नाही. माणूस चांगला आहे, हसरा आहे. त्यांनाही माहीत नाही.

आता एक कबुली देते, मग तू हे पत्र फाडलंस तरी चालेल.

इकडे समज आहे की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. लेकरांचा मामा, म्हणजे सांगणारीचा भाऊ. कापूस वेचताना दिवसभर वाकून बायांची पाठ मोडते, एखादी गोष्ट असावी असं प्रत्येकीला वाटतं, पण भाऊ प्रत्येकीला प्यारा. लग्नानंतरच्या पहिल्या वेचणीला आमची गोजराबाई म्हणाली, "कोनी तरी सांगा वं काही. जीव निंघून राह्यला उन्हात." सगळ्या खाली वाकून वेचत राहिल्या. मी म्हणाले, "मी सांगतो. मले भाऊच नाही, मंग माह्या लेकराइचा मामा चुकीन कुठून?"

त्या दिवसापासून मी रिठदची दिवसा गोष्ट सांगणारी बाई झाले. बावीस हंगाम झाले. तू नाहीस असं म्हटलं, म्हणून आईच्या गोष्टी सांगता आल्या. एकीला राखायचं म्हणून दुसऱ्याला पुसलं. ते सोपं गेलं, हेच मला खुपतं.

आई गोष्टीआधी म्हणायची तसं मी "क्रिक!" म्हणते आणि ओळीओळींतून बाया ओरडतात, "क्राक!" त्यांना वाटतं ही सोजरची काहीतरी चक्रम लकब. दुपारी ऊन डोक्यावर येतं, शेत पांढरं होऊन थरथरतं, आणि मी कुठे आहे ते मला नीटसं उमगत नाही. पायाखाली काळी माती असते, कानात समुद्र असतो, आणि आईच्या आवाजात मी बोलत असते.

गुरुजींच्या आग्रहावरून त्यातल्या दोन गोष्टी मी लिहून काढल्या. अकोल्याच्या एका मासिकाने त्या छापल्या. अंक सोबत पाठवते आहे. तुझी सोजर छापून आली, बघ तरी. पाकीट गफ्फारभाई नेतील, ते वाशिमहून डाक आणतात.

आई आहे का? एवढ्या एका ओळीचं उत्तर दे.

तुझी
सोजर

रिठद
१२ सप्टेंबर १९३७

नानाभाऊस नमस्कार.

तुझं पत्र श्रावणात आलं. गफ्फारभाई उंबऱ्यापाशी उभे राहून पाकीट उलटंसुलटं करत होते. म्हणाले, "सोजरबाई, तिकिटावर राजा तं आपलाच हाय, पन मुलूख कोनता हाय हा?" मी म्हणाले, "लांबचा." ते म्हणाले, "लांबचा तं हायच. शाई बी थकून गेली." मग आवाज खाली करून म्हणाले, "म्या कोनाले नाही सांगत. डाकवाल्याच्या पोटात लय गावं राह्यतात." आणि पाणीही न पिता गेले.

आई आहे! मी पत्र घेऊन गोठ्यात गेले आणि गाईच्या गळ्यात पडून रडले. आई आहे, डोळे गेलेत, पण आहे. कोंबड्यांना दाणे टाकते, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखते. तू मिशनच्या शाळेत मास्तर आहेस, तुला आता जोसेफ म्हणतात. म्हणोत. मी नानाभाऊच लिहिणार.

पण पुढच्या ओळींनी तू मला थोबाडीत मारलीस. लिहितोस, "अंक उघडला. तिच्या भाषेत करून तिला वाचून दाखवणार होतो. वर छापलं होतं, वऱ्हाडातल्या पणज्यांकडून चालत आलेल्या कथा. मी मिटून ठेवला. ज्यात तिचं नाव नाही, ते मी तिला वाचून दाखवणार नाही."

वर छापलेलं वाक्य संपादकांचं आहे, असं मी लिहिणार होते. पण त्यांना तसं कुणी वाटू दिलं? मीच. मिठाच्या गोष्टीतला समुद्र काढून मी पैनगंगा घातली. ऊस काढून कपाशी केली. विकून आणलेल्या माणसांचे मी मजूर केले. आणि आईची आजी, जी मीठ खाणं सोडून वाऱ्यासारखी हलकी झाली आणि आपल्या देशाकडे उडून गेली, तिला मी रिठदची कुणी म्हातारी करून टाकलं. बायांना ती गोष्ट फार आवडते. गोजराबाई दर वेळी विचारते, "मंग पोचली का वं ते?" आई सांगायची नाही ती पोचली की नाही. मीही सांगत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी आठ दिवस आळणी जेवले. हसशील तू. भाकरीत नाही, वरणात नाही. पाचव्या दिवशी अंगणात उभी होते तेव्हा टाचा उचलल्यासारख्या वाटल्या, खरंच. नवव्या दिवशी चक्कर येऊन पडले. पंचफुलेच्या बापाने मिठाचं पाणी पाजलं आणि म्हणाले, "हा कोनत्या देवाचा उपास हाय? मले तं सांग, मी बी थोडा वाळतो."

आता खरं संकट ऐक. संपादक लिहितात, गोष्टी लोकांना आवडल्या, आणखी नऊ द्या, उन्हाळ्यात अकरा गोष्टींचं पुस्तक काढू. पहिल्या पानावर लिहा की या कुणाकडून ऐकल्या. आणि याच महिन्यात पंचफुलेची सोयरिक जुळली. मुलाचे वडील शिरपूरचे उकंडराव, जमीनजुमला बरा, माणूस शब्दाचा पक्का. मासिक त्यांच्याही हाती गेलं होतं. "पोरीची माय लिवते, मंग पोरगी बी शहानी असन," असं म्हणून ते स्वतः आले. वैशाखात लग्न. मुलगा पंचफुलेने शिरपूरच्या जैन देवळापाशी पाहिलाय. तिथला देव जमिनीला टेकत नाही, अधांतरी असतो, असं म्हणतात. मुलगा पाहिल्यापासून ही पोरही जमिनीला टेकत नाही. माझ्या गोष्टी तीच सुवाच्य अक्षरात उतरवून देते छापायला, आणि मध्येच पेन थांबवून भिंतीकडे बघून हसते.

पहिल्या पानावर आईचं नाव लिहिलं तर ही सोयरिक मोडते. त्यात शंका नाही.

म्हणून तुझ्यापाशी एक मागते. पुस्तक नावाविना निघू दे. तू आईला वाचून दाखवशील तेव्हा तुझ्या तोंडाने तिचं नाव घाल. पहिल्या पानावर लिहिलंय म्हणून सांग. तिला कागद कुठे दिसतोय?

हे इतक्या सहज लिहिलं, याचीच लाज वाटते.

सोजर

रिठद
९ डिसेंबर १९३७

भाऊ,

तुझं उत्तर नाही. डाक वाटेत असेल, की तू रागावलास?

वेचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळ्या बाया ओळी धरून उभ्या राहिल्या, ओट्या बांधल्या, आणि गोजराबाई म्हणाली, "हं, काढ वं तुही किरीक." मी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. मला दिसलं की तू बोटीतून उतरून एका धुळीच्या रस्त्याला लागला आहेस, दोन वाटा फुटतात तिथे उभा आहेस, आणि मी एक शब्द बोलले की तू चुकीच्या वाटेला लागशील. जाग्या डोळ्यांनी दिसलं, भर उन्हात. तुझे पाय पांढरे झालेले दिसले धुळीने. पूर्वी तू नव्हतास, तेव्हा मला भीती नव्हती. आता तू पत्र लिहिणारा माणूस झालास.

मी म्हणाले, आज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी घसा धरल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी गोजराबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काहून नाही सांगत?"

"असंच."

"बावीस वर्सं सांगतली. दिवसाढवळ्या. आन् आता असंच?" तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. कापूस वेचणाऱ्या बाईची नजर बारीक असते. "सोजर, तुले भाऊ हाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. किती वेळा म्हणाले आहे! या वेळी मी खाली वाकले आणि वेचू लागले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सोजरला भाऊ आहे. बायांचे चार तर्क निघाले: तुरुंगात आहे, फकीर झाला, बाटला, पळाला. पंचफुला घरी येऊन विचारते, "आई, मले मामा हाय?" तिला काय आनंद झाला होता! लग्नात मामा पाठीशी उभा राहतो ना इकडे. कुणा दूरच्याला मामा म्हणून उभं करायचं ठरलं होतं, आणि आता हिला वाटलं, आपला खरा मामा येणार.

मी म्हणाले, लोकं काहीही बोलतात.

हे पत्र तीन दिवस उशाशी ठेवून मग पाठवते आहे. कालपासून शेतात कुणीच बोलत नाही. नुसता कापूस तुटल्याचा आवाज येतो, बोंडामागून बोंड. डोळे मिटले की वाटतं, कुणीतरी वाळूतून चालत येतंय आणि पोचत नाहीये.

सोजर

रिठद
२० मार्च १९३८

नानाभाऊ,

तुझं पत्र माघात मिळालं. मी ते पाठ केलं आहे. तू लिहिलंस, "मी खोटं बोललो नाही. शेवटी अंकातल्या गोष्टी वाचून दाखवल्या. आईने विचारलं, पुस्तकात कुणाचं नाव येणार? मी म्हणालो, कुणाचंच नाही. का, तेही सांगितलं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, पोरीला कळव, तिच्या पोरीचं लग्न होऊ दे. माझ्या नावाने मला इथे लोक रोज हाक मारतात, मला कुठे कमी आहे?"

ती रागावली असती तर मी गप्प बसले असते, भाऊ. शिव्याशाप दिले असते तरी पचवले असते. तिने मला सोडून दिलं. धक्क्यावरही मला असंच सोडलं असेल, हात न ओढता. ते मला सोसवेना.

मी आधी घरात सांगितलं. पंचफुलेचे बाप बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. मी सगळं सांगितलं, बेट, आई, तू, आईचा रंग, सगळं. ते तेल लावत राहिले. दुसरा बैल झाला. मग म्हणाले, "म्हंजे माही सासू जित्ती हाय?"

"हो."

"आन् मी इतके वर्सं, मले सासू नाही म्हणून गावात छाती काढून हिंडलो!" हसायचा प्रयत्न केला त्यांनी, पण जमला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शिरपूरवाल्यांनी बोलावनं धाडलं. भावाचं त्याइच्या कानावर गेलं. पळून कलकत्त्याले गेला, मेला असन, असं सांगून देऊ. एवढं सांगतलं का झालं. तू बोलू नोको, मी बोलतो."

मी बरं म्हणाले. बैलांची दमणी जुंपली. पंचफुलाही आली, तिच्या होणाऱ्या सासूने तिला काकणं भरायला बोलावलं होतं. रस्ताभर पळस फुलला होता. बैलांच्या घंटा आणि चाकाचा आवाज यांत मला पेंग आली, आणि मी आईला पाहिलं. ती आमच्या गाडीमागून चालत होती, उंच, डोक्यावर टोपली, डोळे मिटलेले. मी म्हणाले, गाडीत बस. ती म्हणाली, नको, मी पावलांवरूनच ओळखते रस्ता. जागी झाले तेव्हा शिरपूर आलं होतं.

ओट्यावर सतरंजी घातली होती. उकंडराव समोर बसले. म्हातारा सरळ माणूस आहे, मी त्यांना दोष देत नाही. म्हणाले, "विहीनबाई, लोकं बोलून राह्यले का तुमाले भाऊ हाय. आसला तं चांगलंच हाय, मामा लागतेच. पन हाय कुठी तो?"

पंचफुलेचे बाप बोलायला लागले, "त्याचं असं झालं, तो कलकत्त्याले..."

मी मध्ये बोलले. बाईने ओट्यावर पुरुषांमध्ये बोलायचं नसतं. मी बोलले. "तो जिवंत हाय. समुद्रापलीकडं त्रिनिदाद बेटावर हाय. शाळेत मास्तर हाय. माही आई त्याच्यापाशी हाय."

उकंडराव डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होते. "तुमची माय तं नागपूरकडची होती."

"नाही."

"थांबा," ते म्हणाले. हात वर केला. "थांबा विहीनबाई. म्या आतापर्यंत काहीच नाही आइकलं. तुमी नुसतं 'नाही' म्हना, का भाऊ नाही, माय मेली, नागपूरकडची होती. मी पुना इचारनार नाही. लगन ठरल्या दिवशी लागीन." त्यांनी खरोखर मला दार उघडून दिलं होतं. आत काकणांचा आवाज येत होता, पंचफुला हसत होती.

मी तिचं हसणं ऐकलं. ते ऐकूनही बोलले. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

"माह्या आईचं नाव सेलेस्तीन हाय," मी म्हणाले. "ते काळ्या लोकाइतली हाय. तिच्या आजीले आफ्रिकेतून इकून आनलं होतं, उसाच्या मळ्यात. मी सांगतो त्या साऱ्या गोष्टी तिच्या हायत, तुमी छापलेल्या वाचल्या त्या बी."

आतलं हसणं थांबलं. भिंती कुडाच्या आहेत तिथल्या.

कुणी ओरडलं नाही. उकंडरावांनी आत सांगून आम्हाला गुळाचं पाणी दिलं, म्हणाले, पाहुण्याला कोरडं पाठवत नाही. मग आम्ही दिलेला फेटा आणि नारळ आणून सतरंजीवर ठेवला. पंचफुला बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात काकणं होती, एक हात रिकामा होता. येताना ती गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली. पळस तसाच फुललेला होता.

घरी येऊन मी पहिलं पान लिहिलं आणि अकोल्याला पाठवून दिलं. ते उतरवायला पंचफुलेला सांगितलं नाही. माझ्याच अक्षरात गेलं, वेडंवाकडं.

सोजर

रिठद
२५ जून १९३८

नानाभाऊ,

पुस्तक निघालं. याच्यासोबत दोन प्रती पाठवते, एक शाळेत ठेव, एक आईच्या हातात दे. तिने ते हातात धरावं, वास घ्यावा. शाईचा वास अजून आहे. पहिल्या पानावर छापलंय ते तिच्या भाषेत करून सांग:

"या अकरा गोष्टी माझ्या आईच्या आहेत. तिचं नाव सेलेस्तीन. ती त्रिनिदाद बेटावर राहते. तिच्या आजीला आफ्रिकेतून विकून आणलं होतं. आईने त्या मला सांगितल्या, मी त्या रिठदच्या शेतात कापूस वेचताना सांगितल्या, आणि सांगताना तिचं नाव लपवलं. आता लपवत नाही. सोजर."

आत समुद्र परत समुद्र झाला आहे. ऊस ऊसच आहे.

गावाचं म्हणशील तर, जातीने आम्हाला दंड केला, गावजेवण घालायला लावलं. जेवायला मात्र सगळे आले, वाढून वाढून हात दुखले माझे. विहिरीवर काही बाया घागर बाजूला घेतात. गोजराबाई घेत नाही. ती म्हणाली, "बावीस वर्सं जिच्या गोठी आइकल्या, तिचं नाव तं घेऊ दे मले." आणि घेतलं तिने, चार वेळा, चारही वेळा वेगळंच. पंचफुलेच्या बापाने गुरुजींच्या नकाशावर तुझं बेट शोधून काढलं. मुगाच्या दाण्याएवढं आहे. त्यावर बोट ठेवलं तर पूर्ण झाकतं. ते बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

मी सुखी आहे, भाऊ. हे लिहायची भीती वाटते पण खरं आहे. झोपेत मी आता धक्क्यावर वळून पाहते आणि ती तिथे असते.

पंचफुला बोलत नव्हती. वैशाखातला तो दिवस आला, तेव्हा ती सकाळी उठून शेतावर गेली आणि दिवसभर काड्या वेचत राहिली. शिरपूरच्या मुलाचं दुसरीकडे ठरलं, तेही तिला कळलं. पुस्तक आलं त्या दुपारी मी ते तिच्यासमोर ठेवलं. नऊ गोष्टी तिच्याच अक्षरातून छापल्या गेल्यात. तिने पहिलं पान वाचलं. दोनदा वाचलं. मग तीन महिन्यांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली, मोठ्या बाईसारखी.

"तुले तुही माय पायजे होती. त्या दिवशी शिरपुरात मले बी माही माय पायजे होती."

पुस्तक तिने मिटलं, पदराने पुसलं, भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि जात्यावर जाऊन बसली. ती दळत होती आणि मी पीठ भरत होते, एवढंच.

तर आता एक काम कर. आईला पहिलं पान वाचून दाखव. तिचं नाव येईल तिथे थांब, आणि तिला वाटेल तितक्या वेळा पुन्हा वाच. मग ती विचारेल, नातीचं लग्न झालं का. ती विचारणारच.

तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे. पण झालं म्हणून सांग.

तुझी
सोजर